खताचं लिंकिंग आणि मोबाइलचं लिंकिंग



भात फुटव्यावर आलंय, युरियाचा दुसरा हप्ता द्यायचे दिवस आहेत. ४५ किलोच्या गोणीवर छापील किंमत २६६ रुपये ५० पैसे. पण तेवढेच मोजून पैसे खिशात घालून गेलेला माणूस गोणी घेऊनच परत येईल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. "युरिया पाहिजे ना, मग ही बाटली पण न्यावी लागेल." बाटलीत काय आहे, आपल्या जमिनीला ते लागतं का, हे विचारायचं नाही. याला आपण सगळे लिंकिंग म्हणतो. दर खरिपाला लिंकिंग करू नका असे आदेश निघतात, भरारी पथकं नेमली जातात, दुकानदार सांगतो की वरून कंपनीच आमच्या गळ्यात मारते, आणि बाटली शेवटी आपल्या पडवीत येऊन बसते.

आज खतावर लिहायचं नाहीये. परवा एका कृषी सहायक मित्रानं विचारलं, "गुगलला भारतात तेराशे कोटींचा दंड झाला होता म्हणे. त्याचं आपल्या शेतकऱ्याला काय?" मी म्हणलं, बाबा रे, तो खटला लिंकिंगचाच होता. फक्त गोणीच्या जागी मोबाइल होता. तो हसला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. मोबाइल ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच बांधावर उभं राहून, फोटो काढून, ॲपमधून करायची. सातबाऱ्यावर ती नोंद नसेल तर धान खरेदीच्या नोंदणीला अडचण, विम्याला अडचण, पाणी शिरून नुकसान झालं तर पंचनाम्याला अडचण. तलाठी पूर्वी चावडीत बसून जे लिहायचा ते आता आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहे. आणि त्या फोनमध्ये ॲप येतं कुठून? प्ले स्टोअरमधून. म्हणजे सरकारी दप्तराकडं जायचा रस्ता एका खाजगी कंपनीच्या दारातून जातो. हे दार कुणाचं, त्याचे नियम कोण ठरवतो, हा प्रश्न आपलाच आहे.

आता खटला. तक्रार कुठल्या बड्या कंपनीनं केली नव्हती. अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या तीन साध्या ग्राहकांनी केली होती. भारतीय स्पर्धा आयोगानं १६ एप्रिल २०१९ ला चौकशी लावली आणि २० ऑक्टोबर २०२२ ला निकाल दिला. दंड १३३७ कोटी ७६ लाख रुपये.

आयोगाला काय सापडलं ते आपल्या भाषेत सांगतो. अँड्रॉइड ही प्रणाली फुकट मिळते, कुणीही घ्यावी. पण नुसत्या अँड्रॉइडचा फोन बाजारात कोण घेणार? गिऱ्हाइकाला प्ले स्टोअर लागतंच. तर प्ले स्टोअर म्हणजे इथला युरिया. फोन बनवणाऱ्या कंपनीला गुगल करारात सांगायचं की प्ले स्टोअर पाहिजे तर आमचं सर्च, क्रोम, यूट्यूब, मॅप, जीमेल असं अख्खं गाठोडं आधीच फोनमध्ये टाकायचं, ते पुढच्या पानावर ठळक जागी ठेवायचं, आणि गिऱ्हाइकाला ते काढून टाकता येणार नाही. ही झाली बाटली. दुसरा करार याहून कडक. एकदा सही केली की त्या कंपनीनं अँड्रॉइडमध्ये स्वतःचे बदल करून वेगळ्या धाटणीचा फोन काढायचाच नाही. म्हणजे दुकानदाराला सांगायचं की आमचा माल पाहिजे तर दुसऱ्या कंपनीची गोणी दुकानात दिसता कामा नये. तिसरं, सर्चच्या कमाईतला वाटा देऊन फक्त आमचंच सर्च ठेवायचं, अशी बांधणी.

इथं एक खुलासा करतो, कारण यात गफलत होते. मोठं असणं हा आपल्या कायद्यात गुन्हा नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्याचं चौथं कलम मोठेपणाच्या गैरवापराबद्दल बोलतं. एखाद्याचं बियाणं खरंच चांगलं म्हणून सगळा तालुका तेच लावत असेल तर त्याला दंड का करायचा? दंड तेव्हा, जेव्हा तो म्हणतो की माझं बियाणं पाहिजे तर औषधही माझंच, आणि शेजारच्या दुकानात पाऊल टाकलंस तर पुढच्या वर्षी बियाणं बंद. गुगलचं सर्च चांगलं आहे, मी रोज वापरतो. गाठोडं बांधून देण्याचं कारण मात्र त्यानं मिळत नाही.

हा धंदा नवा नाही बरं. संगणकाच्या जन्माआधीपासूनचा आहे. अमेरिकेत आयबीएम कंपनी पूर्वी हिशोबाची यंत्रं भाड्यानं द्यायची. त्या यंत्रांत भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं घालावी लागत. कंपनीची अट अशी की यंत्र आमचं, तर कार्डंही आमचीच विकत घ्या. सरकारनं खटला भरला आणि १९३६ साली तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही अट बेकायदा. त्यात कंपनीचा बचाव फार वाचनीय आहे. ती म्हणाली, दुसऱ्याचं कार्ड घातलं तर जाडी कमीजास्त होईल, हिशोब चुकेल, यंत्राचं नाव खराब होईल. ऐकल्यासारखं वाटतंय ना? "दुसऱ्या कंपनीचं औषध मारलंत तर रिझल्टची गॅरंटी आमची नाही." न्यायालयानं बघितलं की सरकारला स्वतः छापलेली कार्डं वापरायची मुभा होती, त्यासाठी १५ टक्के जादा भाडं घेतलं जात होतं, आणि यंत्रं व्यवस्थित चालत होती. मग उत्तर सोपं होतं. कार्ड कसं पाहिजे त्याचं माप जाहीर करा, त्या मापाचं कार्ड कुणीही बनवो.

हे लक्षात ठेवा, कारण तोच बचाव आज सुरक्षिततेच्या नावानं येतो. आणि आज तो अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. मागच्या वर्षा-दोन वर्षांत आपल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत "पीएम किसान"च्या नावाची एपीके फाइल फिरली. दाबली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात, आणि खात्यातले पैसे गेले. किती जणांचे गेले ते पोलिसांना विचारा. गुगल म्हणतं, बघा, आमच्या दाराबाहेरून आलेल्या ॲपचं असं होतं. पण जरा उलटा विचार करा. माणूस व्हॉट्सॲपवरची फाइल का उघडतो? कारण त्याला दुसरं तपासलेलं, भरवशाचं दुकान माहीतच नाही. एकच अधिकृत दुकान आणि बाकी सगळा चोरबाजार, अशी बाजाराची मांडणी केल्यावर चोरबाजारात गिऱ्हाईक जाणारच. बियाण्यात आपण काय करतो? बियाणं एकाच कंपनीनं विकावं असा कायदा करत नाही. बीज प्रमाणीकरण करतो, गोणीवर टॅग लावतो, नमुने काढतो, बोगस निघालं तर परवाना रद्द. माप जाहीर करा आणि बाजार उघडा ठेवा. १९३६ चंच उत्तर.

आता खरी मेख. गुगलला दंड झाला ही बातमी सगळ्यांनी वाचली. पुढं काय झालं ते फार कमी लोकांना माहीत आहे.

आयोगानं दंडासोबत काय बदल करायचे त्याचे दहा आदेश दिले होते. गुगल अपिलात गेलं. १९ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती द्यायला नकार दिला, तेव्हा आठवड्याभरात कंपनीनं भारतापुरते काही बदल जाहीर केले. फोन कंपन्यांना सुटी ॲप घ्यायची मुभा, ग्राहकाला सर्च इंजिन निवडायची मुभा वगैरे. मग २९ मार्च २०२३ ला अपील न्यायाधिकरणाचा निकाल आला. दंड पुरा कायम. पण दहापैकी चार आदेश रद्द. कोणते चार? दुसऱ्यांच्या ॲप दुकानांना प्ले स्टोअरमधून फोनवर येऊ द्या, हा रद्द. आधीच टाकलेली ॲप ग्राहकाला काढून टाकता आली पाहिजेत, हा रद्द. बाहेरून ॲप उतरवण्यात अडथळे आणू नका, हा रद्द. आणि इतरांना ॲप बनवायला लागणारे तांत्रिक जोड नाकारू नका, हाही रद्द. प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं.

माझं मत विचाराल तर पैसे राहिले आणि दार गेलं. १३३७ कोटी आकडा ऐकायला मोठा. पण तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो, तुमच्या-माझ्या फोनमध्ये त्यातलं काही येत नाही. खताच्या दुकानदाराला कृषी खात्यानं पाच हजार दंड केला आणि दुसऱ्या दिवशी तो परत बाटली गळ्यात मारतोय, तर तुम्ही त्या दंडाचं काय करणार? आपल्याला गोणी सुटी पाहिजे. चार आदेश गेले त्यांत नेमकी सुटी गोणी होती.

हे हवेतलं बोलणं वाटू नये म्हणून एक उदाहरण. मुंबईत आयआयटीतून शिकलेल्या पोरांनी एक कंपनी काढली, पुढं तिचं नाव इंडस ओएस पडलं. अँड्रॉइडवरच बेतलेली, पण मराठीसकट भारतीय भाषांत चालणारी प्रणाली. २०१५ साली मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनांत ती आली. तिचं स्वतःचं ॲपचं दुकान होतं आणि त्यातून ॲप घ्यायला ई-मेल लागत नसे. ही गोष्ट शहरातल्याला छोटी वाटेल. आपल्याकडं बघा. फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोरानं कसलातरी जीमेल काढून दिला, पासवर्ड त्यालाच माहीत, तोही विसरला. फोन बिघडून नवा घेतला की जुन्यातलं सगळं गेलं. आमच्या आळीत असे किती म्हातारे आहेत! ज्यानं हे दुखणं ओळखलं तो आपला माणूस. पुढं त्या कंपनीचं ॲप दुकान २०२२ मध्ये फोनपेनं घेतलं आणि २१ फेब्रुवारी २०२४ ला बारा भारतीय भाषांत नव्यानं उघडलं. पण ते फोनवर आणायचं कसं? प्ले स्टोअरमध्ये दुसरं दुकान शोधून सापडत नाही. वेबसाइटवर जा, फाइल उतरवा, "अज्ञात स्रोत" म्हणून धोक्याची पाटी येते, तिला हो म्हणा. जी पाटी त्या बनावट पीएम किसानच्या फाइलला येते तीच पाटी इथंही. साधा शेतकरी घाबरतो, आणि त्यानं घाबरावं असंच आपण त्याला शिकवतोय. अमेरिकेत मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी नेमका हाच आदेश गुगलला दिला की दुसरी दुकानं प्ले स्टोअरमधून येऊ द्या, आणि जुलै २०२५ मध्ये तिथल्या अपील कोर्टानं तो उचलून धरला. तिथं जे मागता येतं ते इथं का मागू नये?

प्ले स्टोअरच्या गल्ल्याचा खटला वेगळा. ॲपमधून काही विकलं तर पैसे आमच्याच गल्ल्यातून फिरवा आणि १५ ते ३० टक्के द्या, यावर आयोगानं २५ ऑक्टोबर २०२२ ला ९३६ कोटी ४४ लाखांचा दंड केला. २८ मार्च २०२५ ला तो २१६ कोटी ६९ लाखांवर आला. वाशीच्या बाजारात भेंडीच्या पाटीवर कुणी तीस टक्के अडत कापली असती तर आपण ट्रक आडवे लावले असते, एवढंच म्हणतो.

आता वेळेबद्दल. शेतकऱ्याला हंगाम समजतो, कोर्टाला समजत नाही. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर १९९८ च्या मे महिन्यात खटला झाला. विंडोजसोबत स्वतःचा ब्राउझर बांधून देऊन नेटस्केपला संपवलं, हा मुख्य आरोप. जून २००० मध्ये न्यायाधीश म्हणाले, कंपनीचे दोन तुकडे करा. जून २००१ मध्ये वरच्या कोर्टानं तुकड्यांचा आदेश रद्द केला, पण मक्तेदारी बेकायदा टिकवली हे मान्य केलं. तोवर नेटस्केप दुसऱ्या कंपनीला विकून मोकळी झाली होती. पीक वाहून गेलं, पंचनामा मात्र एकदम बिनचूक.

लांब कशाला जायचं, आपल्या भिवंडीतच बघा. काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली, आणि आता पार पडघ्यापर्यंत. जिथं भाताची खाचरं होती आणि भात निघाल्यावर वाल पेरला जायचा, तिथं निळ्या-पांढऱ्या पत्र्याची गोदामं उभी आहेत. ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टचा माल इथूनच मुंबईला जातो. हातातला फोनही बहुतेक इथूनच फिरून आलेला. या दोन कंपन्यांविरुद्ध दिल्लीतल्या व्यापाऱ्यांच्या महासंघानं तक्रार केली. नवे मोबाइल फक्त यांच्याकडंच आधी मिळणार असे करार, मर्जीतल्या विक्रेत्यांना पुढची जागा, तोट्यात सवलती. आयोगानं १३ जानेवारी २०२० ला चौकशी लावली. १४ फेब्रुवारीला कर्नाटक उच्च न्यायालयाची स्थगिती. ती उठवून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन चौकशी मोकळी व्हायला ऑगस्ट २०२१ उजाडला. २०२४ मध्ये बातम्या आल्या की चौकशी अहवालात कायदा मोडल्याचं म्हटलंय. लगेच ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत अर्ज, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते सगळे एकत्र करून कर्नाटकात पाठवले. पाच वर्षं. या पाच वर्षांत आपल्या तालुक्यात किती गोदामं वाढली ते नाशिक हायवेनं जाताना मोजा. गोदामांनी आपल्या पोरांना काम दिलं हे मी नाकारत नाही, माझ्याच भावकीतली चार पोरं तिथं पाळीत जातात. पण भिवंडीतला मोबाइलवाला पाच वर्षं निकालाची वाट बघत दुकान चालवू शकत नाही.

म्हणूनच मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या समितीनं डिजिटल स्पर्धा विधेयकाचा जो मसुदा ठेवला, तो मला पटतो. त्यातली कल्पना अशी की अवाढव्य कंपन्यांना आधीच नियम घालून द्यायचे, नुकसान झाल्यावर दहा वर्षं खटला चालवत बसायचं नाही. बांध फुटायच्या आधी मोरी काढण्यासारखं. त्यात धोकाही आहे. नियमांच्या कचाट्यात आपल्याच छोट्या कंपन्या सापडतील अशी भीती उद्योगवाले घालतात, आणि अधिकाऱ्याच्या हातात यादी करायची ताकद गेली की काय होतं ते आपण परवान्यांच्या राज्यात बघितलंय. तरी हंगाम उलटून गेल्यावर येणाऱ्या न्यायापेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो. मसुदा अजून मसुदाच आहे.

दिल्लीचं दिल्लीत होईल. आपल्या हातातलं काय? माझ्या मते एक गोष्ट आहे आणि तिला कोर्ट लागत नाही. सातबारा बघा, भूलेखच्या वेबसाइटवर कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतो. कुणाच्या दुकानातून काही घ्यावं लागत नाही. मग ई-पीक पाहणी प्ले स्टोअरवरच का टेकून आहे? महसूल खात्यानं तिचा वेबवरचा पर्याय द्यावा, आणि ॲप स्वतःच्या वेबसाइटवरून, तपासलेलं, सहीशिक्क्यासह उतरवून घेता येईल असं ठेवावं. केंद्र सरकारचं मोबाइल सेवा नावाचं स्वतःचं ॲप दुकान आहेच, सी-डॅकनं बांधलेलं, किती जणांना माहीत आहे? शेतकऱ्याला सक्तीची असलेली प्रत्येक सरकारी सेवा निदान दोन दारांतून मिळाली पाहिजे. सरकार जर स्वतःच एका दारावर उभं राहिलं तर आयोगानं कितीही दंड केला तरी त्या दाराचं वजन वाढतच जाणार.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडतोय. मजकूर चार ओळींचा आहे: ई-पीक पाहणी आणि शेतकऱ्याला सक्तीची इतर ॲप एकाच कंपनीच्या दुकानावर अवलंबून नसावीत, वेबवरचा पर्याय असावा, खातं उघडायला खाजगी कंपनीचा ई-मेल सक्तीचा नसावा, आणि ठरावाची प्रत तहसीलदारांमार्फत जमाबंदी आयुक्तांकडं जावी. कृषी खात्यातली जी मंडळी हे वाचतात त्यांनी सांगावं, तुमच्या मंडळात स्वतःच्या फोनवरून पाहणी करू न शकलेले शेतकरी किती, आणि ते नेमके कुठं अडतात. ई-मेलवर, नेटवर्कवर की फोनच्या जागेवर? ते कळलं तर ठरावात पाचवी ओळ घालता येईल.